डोळ्यांना मथळा, कानांना नुसता मजकूर

पेज बिल्डरवर वेबसाइट उभी करायला कोड यावा लागत नाही. चौकट उचलायची, हवी तिथे सोडायची, अक्षर मोठं नि ठळक केलं की झाला मथळा! पण तो डोळ्यांपुरताच. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर वापरणारी अंध व्यक्ती ‘एच’ची कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाते. हे सॉफ्टवेअर अक्षराचा आकार पाहत नाही, ‘एच१’ ते ‘एच६’ यांपैकी एखादा टॅग, म्हणजे कोडमधली खूण, शोधतं. तो सापडला नाही, की ‘पुढे शीर्षक नाही’ एवढंच ऐकू येतं. मग बसा अख्खं पान वरपासून ऐकत.

मजकूर कसा दिसावा यापेक्षा तो काय आहे हे सांगणारे टॅग म्हणजे सिमँटिक टॅग. शीर्षकांचे टॅग वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या एचटीएमएल टॅगांच्या सुरुवातीच्या यादीतच होते. पानाच्या भागांना मात्र कित्येक वर्षं नावंच नव्हती. सगळ्याला एकच ‘डिव्ह’, म्हणजे चिठ्ठी नसलेला डबा. चिठ्ठ्या ज्याच्या त्याने लावायच्या. २००५ मध्ये गूगलने शंभर कोटींहून अधिक पानं चाळली, तेव्हा त्यांत सर्वाधिक आढळलेली चिठ्ठी होती ‘फूटर’. पुढे २०१४ मध्ये मानक ठरलेल्या एचटीएमएल५ मध्ये फूटर, हेडर, नॅव्ह हे रीतसर टॅगच झाले.

पेज बिल्डरमध्ये असे टॅग आहेत, फक्त आडबाजूला. वर्डप्रेसमध्ये ‘ग्रुप’ ब्लॉक निवडून बाजूच्या पट्टीत ‘ॲडव्हान्स्ड’ उघडलं, की टॅगांची एक छोटी यादी दिसते. काहीच निवडलं नाही तर डिव्ह. एलिमेंटर या पेज बिल्डरच्या कंटेनरचंही तेच. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला असा कोपरा का, हे कोडंच आहे.

बटणाची गोष्ट आणखी बोलकी. खरा ‘बटन’ टॅग असेल तर टॅब कळीने त्यावर पोचता येतं, एंटर किंवा स्पेसने ते दाबलं जातं. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. रंगवून बटणासारखा केलेला डिव्ह माउसने चालतो, पण टॅब त्याला ओलांडून पुढे जातो. अर्ज पूर्ण भरलेला, आणि ‘पाठवा’ काही हाती लागत नाही!

टॅगांची खैरातही नको. ‘मेन’ पानावर एकदाच दिसावा. प्रत्येक चौकटीला ‘नॅव्ह’ लावला तर खरा मेन्यू कुठला, हे कळायचं कसं? पान तपासायला एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ७ दाबून ‘हेडिंग्ज’ निवडलं, की शीर्षकांची यादी समोर येते. तिच्यात कधी ‘एच१’च पाच निघतात, कारण पाचही वेळा कुणाला तरी अक्षर मोठं हवं होतं.