रोषणाईचा कंट्रोलर आणि विजेचा दाब

गणेशोत्सवांत एक प्रकार वर्षानुवर्षें पाहावयास मिळतो. मंडळाच्या मुलांनीं आठ-दहा रात्री खपून रंगीत दिव्यांची आरास उभी केलेली असते. दुपारच्या चांचणींत दिवे हुकमाप्रमाणें धांवलेले असतात. आणि संध्याकाळीं आरतीच्या सुमारास, नेमकी गर्दी जमली असतां, तीच माळ वेड्यासारखी करूं लागते. मध्येंच भलतेच रंग चमकतात, पांढरा उजेड टोंकाकडे पिवळा पडतो, किंवा सगळेंच क्षणभर विझून खेळ पुन्हां आरंभापासून सुरू होतो. मग कंट्रोलर खराब निघाला असा निकाल देण्यांत येतो, लाइटवाल्याची मजुरी अडकून पडते आणि रातोरात दुसरा कंट्रोलर बसविला जातो. तोहि दुसऱ्या दिवशीं तसाच वागतो. या बिचाऱ्या यंत्राचा अपराध पुष्कळदां कांहींच नसतो; दोष असतो तो त्याला व माळेला मिळणाऱ्या विजेंत.

पूर्वींच्या रोषणाईला ही अडचण फारशी नव्हती. लाकडी रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असत, लहानशी मोटर तो रूळ फिरवी, आणि पट्टीला तार टेकली कीं त्या ओळीचे बल्ब लागत. दाब उतरला तर बल्ब जरा मंद होत, एवढेंच. बल्बांतील तापलेली तार क्षणार्धांत निवत नाहीं. त्यामुळें विजेचा लहानसहान हिसका डोळ्यांना दिसतहि नसे. आजचा ‘पिक्सल’ दिवा निराळा आहे. त्याच्या पोटांत लाल, हिरवा आणि निळा असे तीन चिमुकले दिवे आणि त्यांना ताब्यांत ठेवणारी एक चिप असते. ही चिप नाजूक प्रकृतीची आहे.

कंट्रोलर या दिव्यांच्या रांगेला आज्ञा कशी देतो, हें समजलें म्हणजे पुढचें पुष्कळसें आपोआप उलगडतें. वर्गांत मास्तर वह्यांचा गठ्ठा पहिल्या मुलाच्या हातीं देतात. तो आपली वही काढून घेतो आणि उरलेला गठ्ठा मागें सरकवितो. मागचा मुलगाहि तसेंच करतो. माळेंतील प्रत्येक दिवा याच रीतीनें आपल्या वांट्याच्या २४ खुणा ठेवून घेतो आणि बाकीच्या पुढें पाठवितो. सर्वत्र प्रचारांत असलेल्या डब्ल्यूएस २८१२ जातीच्या दिव्यांत एका खुणेला अवघा सव्वा मायक्रोसेकंद मिळतो. शंभर दिव्यांचा सगळा निरोप ३ मिलिसेकंदांत संपतो. वाटेंत एक खूण गळाली तर तेथून पुढें प्रत्येकाच्या हातीं दुसऱ्याची वही पडते. अवेळीं चमकणाऱ्या भलत्या रंगांचें रहस्य बहुधा हेंच असतें.

खूण ओळखूं येण्यासाठीं तिचा दाब पुरेसा उंच असावा लागतो. तो पुरवठ्याच्या दाबाच्या निदान ७० टक्के असावा असा नियम आहे. म्हणजे ५ व्होल्टांच्या माळेला ३.५ व्होल्ट. हल्लींचे कित्येक कंट्रोलर ३.३ व्होल्टांचीच खूण देतात. तरीहि माळ चालते, ती चिपच्या उदारपणावर! अशा काठावरच्या व्यवहाराला लहानसें निमित्तहि पुरतें. मध्यें पातळी चढविणारी एक स्वस्त चिप बसविली कीं हा धोका टळतो.

आतां तारेचा हिशेब पाहावा. बहुतेकांची चूक येथेंच होते. एका दिव्याचे तिन्ही रंग पूर्ण तेजानें लावले तर तो सुमारें ६० मिलिअँपिअर प्रवाह ओढतो. शंभर दिवे म्हणजे ६ अँपिअर. दाब ५ व्होल्टांचा असल्यामुळें हे फक्त ३० वॉट भरतात, जुन्या एका बल्बाहूनहि कमी, आणि म्हणून माणसें फसतात. वॉट थोडे तेव्हां तारहि बारीक घेतात. परंतु तारेंत दाब किती गळावा हें वॉट नव्हे, अँपिअर ठरवितात. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा विरोध दर मीटरला सुमारें ०.०३५ ओहम असतो. विजेची पेटी माळेपासून ५ मीटरांवर ठेवली तर जाण्यायेण्याची मिळून तार १० मीटर, आणि विरोध ०.३५ ओहम. त्यांतून ४ अँपिअर वाहूं लागले कीं १.४ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात आणि माळेच्या दारीं ३.६ व्होल्ट पोंचतात. माळेच्या अंगच्या तारेंत आणखी गळती होते ती निराळीच. निळ्या आणि हिरव्या दिव्याला पेटण्यास सुमारें ३ व्होल्ट लागतात, लालाचें २ व्होल्टांत भागतें. म्हणून टोंकाचा पांढरा आधीं पिवळा आणि मग तांबूस होतो. त्याच अंतराला ‘दीड एमएम’ची तार घातली तर गळती अर्ध्या व्होल्टाच्या आंत येते; शिवाय त्याच पेटींतून एक स्वतंत्र जाड तार माळेच्या दुसऱ्या टोंकालाहि द्यावी. १२ व्होल्टांच्या माळा या बाबतींत अधिक सोशिक असतात, कारण १ व्होल्ट गळाला तर ५ व्होल्टांचा पांचवा हिस्सा जातो, १२ व्होल्टांचा बारावाच.

परतीच्या तारेकडे, म्हणजे कारागीर जिला ‘मायनस’ म्हणतात तिच्याकडे, कोणी फारसें लक्ष देत नाहीं. गळती तिच्यांतहि होते, आणि त्यामुळें माळेचें ‘शून्य’ कंट्रोलरच्या शून्याहून वर उचललें जातें. दोन माणसांनीं निरनिराळ्या पायऱ्यांवर उभें राहून उंची ताडून पाहावी, तसा हा प्रकार होतो: कंट्रोलरनें धाडलेली खूण माळेला तेवढी ठेंगणी दिसते. कंट्रोलर आणि माळ यांना दोन वेगळ्या पेट्या असतील तर दोघांचें मायनस अवश्य जोडावें, प्लस मात्र कधींहि जोडूं नये.

सगळे दिवे एकदम पांढरे झाले कीं प्रवाह एक अँपिअरवरून एका उडींत सहांवर जातो. पेटी दुबळी असेल तर तिचा दाब तेवढ्यापुरता खचतो, आणि कंट्रोलरची चिप, बेताल वागण्यापेक्षां थांबलेलें बरें या न्यायानें, स्वतःला बंद करून नव्यानें सुरू होते. खेळ पुन्हां आरंभापासून कां सुरू होतो, याचें उत्तर हें. कंट्रोलरला लहानशी वेगळी पेटी द्यावी. माळेच्या तोंडाशीं १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि खुणेच्या तारेंत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर बसवावा. हा खर्च नव्या कंट्रोलरच्या मानानें किरकोळ आहे.

पेटीवर छापलेल्या आंकड्यावरहि डोळे मिटून विसंबूं नये. जाणते कारागीर ४० अँपिअरच्या पेटीवर ३२ हून अधिक भार टाकीत नाहींत. पडद्याच्या कापडामागें कोंबलेली पेटी तापते, उष्णतेनें तिच्यांतील कपॅसिटर वर्षागणिक कमजोर होतात आणि दाबावर तरंग उठूं लागतात. गतवर्षीं उत्तम चाललेली पेटी यंदां दगा देते ती अशी. कांहीं पेट्यांवर ११५ आणि २३० असें सरकतें बटण असतें. तें ११५ वर राहिलें तर आपल्याकडील २३० व्होल्टांनीं पेटी चालू करतांक्षणींच फुटण्याचा संभव असतो.

मुख्य लाइनीचा दाब संध्याकाळीं थोडा उतरला तर चांगली पेटी तो सोसते. जनरेटरवर बदल होतांना मात्र वीज क्षणभर तुटते, आणि पेटींतील सांठा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकाहि क्वचितच पुरतो. २३० व्होल्टांवर थेट चालणाऱ्या माळांचे कंट्रोलर तर विजेची लाट सेकंदांत शंभर वेळां शून्यावर येते त्या खुणेवर ताल धरतात. लहान जनरेटरची लाट वांकडी व वेग अस्थिर असल्यानें ते लुकलुकूं लागतात. सर्वांत घातक म्हणजे तीन फेजांच्या जोडणींतील न्यूट्रल सैल होणें. ज्या फेजवर भार कमी, तिचा दाब मग ४०० व्होल्टांच्या दिशेनें चढतो आणि पेट्या, कंट्रोलर, पंखे एका दमांत जळतात. हा सांधा परवानाधारक तारतंत्र्याकडूनच आवळून घ्यावा. भाद्रपदांतील पावसांत लोखंडी मांडवाला हात लावणाऱ्या मुलांसाठीं पेटीचें अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-स्विच हीं दोन्ही हवींतच.

चांचणी घ्यावयाची ती सर्व दिवे पूर्ण पांढरे करून, आणि निदान पंधरा मिनिटें. त्या वेळीं माळेच्या शेवटच्या दिव्याशीं मीटर धरावा. साडेचार व्होल्टांखालीं कांटा गेला तर तार आखूड किंवा जाड करावी. हातास कोमट लागणारा जोड सैल आहे असें समजावें. इतकेंहि करणें न जमलें तर कंट्रोलरमधील तेज एक-तृतीयांशावर आणावें. प्रवाह त्याच मानानें उतरतो, रात्रीच्या अंधारांत डोळ्यांना मात्र तितकी तूट जाणवत नाहीं. दिवाळीच्या आकाशकंदिलांत ५० दिव्यांची माळ मोबाइलच्या २ अँपिअरच्या चार्जरवर लावणाऱ्यांस तर हाच मार्ग आहे, कारण पूर्ण तेजाला ती माळ ३ अँपिअर मागते.