नर्सिंग होममधील गुणवत्ता निर्देशक : अचूकतेच्या पडताळणीचा प्रश्न

प्रस्तावना :
परावलंबी वृद्धांना कोणत्या संस्थेत ठेवावे, हा निर्णय कुटुंबास बहुधा घाईत व अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागतो. अमेरिकेत या निर्णयास साहाय्य व्हावे म्हणून केंद्र शासन प्रत्येक नर्सिंग होमचे गुणवत्ता निर्देशक प्रसिद्ध करते. महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ म्हणजे लहान खासगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ दीर्घकालीन शुश्रूषेची निवासी संस्था असा आहे. या निर्देशकांची अचूकता कशी तपासली जाते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

निर्देशकांचा आधार :
१९८७ च्या कायद्यामुळे प्रत्येक निवाशाचे ठराविक नमुन्यात मूल्यमापन करणे बंधनकारक झाले. निवासी दाखल होताना, त्यानंतर दर तीन महिन्यांनी आणि प्रकृतीत लक्षणीय बदल झाल्यास ही नोंद केली जाते. २००२ पासून या नोंदींवर आधारित निर्देशक देशभर प्रसिद्ध होऊ लागले व २००८ मध्ये एक ते पाच ताऱ्यांची श्रेणी देण्यास प्रारंभ झाला. मात्र नोंद करणारी आणि श्रेणी मिळविणारी संस्था एकच असते. त्यामुळे अपघात कमी झाले की केवळ नोंदी कमी झाल्या, हे आकड्यावरून समजत नाही.

पडताळणीची पद्धत :
मोजमापाची विश्वसनीयता आणि सप्रमाणता या दोन भिन्न गोष्टी होत. दोन परिचारिकांनी एकाच निवाशाविषयी सारखी नोंद केली, तर ती विश्वसनीय ठरते; ती वस्तुस्थितीस धरून आहे काय, हे पाहण्यास स्वतंत्र पुरावा लागतो. पडून अस्थिभंग झालेला निवासी रुग्णालयात दाखल झाला, की रुग्णालय मेडिकेअर या शासकीय आरोग्य विमा योजनेकडे देयक पाठविते. हे देयक व नर्सिंग होमची नोंद यांची सांगड घातल्यास वगळलेल्या घटना उघड होतात.

शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ ते २०१५ या काळातील दीड लाखांहून अधिक अशा घटना तपासल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार केवळ ५७.५ टक्के घटनांची नोंद संस्थांनी केली होती. श्वेतवर्णीय निवाशांच्या बाबतीत हे प्रमाण ५९ टक्के, तर इतरांच्या बाबतीत सुमारे ४६ टक्के होते. अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०२५ मध्ये ४३ टक्के घटना नोंदविल्या गेल्या नसल्याचे दाखविले. ज्या संस्थांचे पडण्याचे प्रमाण सर्वांत कमी दिसत होते, त्यांच्याकडूनच नोंदी वगळल्या जाण्याची शक्यता अधिक होती, हा त्यातील चिंताजनक निष्कर्ष होय.

मर्यादा व उपाय :
देयकांतून फक्त रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या घटना कळतात. शिवाय देयकांतही चुका संभवतात. तथापि संस्थेच्या स्वयंनिवेदनापेक्षा हा आधार स्वतंत्र आहे. कर्मचारीसंख्येबाबत असा बदल घडलाही आहे. पूर्वी संस्था स्वतः कळवीत असलेल्या कामाच्या तासांऐवजी २०१६ पासून वेतनपत्रकावर आधारित माहिती घेण्यात येऊ लागली.

निष्कर्ष :
पडताळणीविना प्रसिद्ध केलेला निर्देशक प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्या संस्थेस खालची श्रेणी देतो आणि नोंद टाळणाऱ्या संस्थेस वरची. त्यावर विसंबणाऱ्या कुटुंबाची दिशाभूल होते. म्हणूनच निर्देशकाच्या रचनेइतकेच त्याच्या स्वतंत्र पडताळणीस महत्त्व देणे आवश्यक आहे.