पेटीतले कागद रद्दीत देण्याआधी

बायांनो, दिवाळीच्या साफसफाईत जुनी पेटी उपसाल, तेव्हा जरा थांबा. लग्नपत्रिका, दुकानाच्या पावत्या खुशाल रद्दीत द्या. पण सासऱ्या-आजेसासऱ्याचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल फाटकी असली तरी ठेवा. लेकराच्या जात पडताळणीत तेच कागद लागतात: ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे.

आणि तुम्हालाच राखीव जागेवर निवडणूक लढवायची असेल, तर? तेव्हा सासरचा कागद चालत नाही, माहेरचाच लागतो. माझ्या आजोबांचा दाखला माहेरी रद्दीत गेला. शाळेतून दाखलखारीज रजिस्टरचा उतारा काढायला किती चकरा झाल्या! म्हणून भाऊबीजेला जाल, तेव्हा भावाकडून झेरॉक्स मागून आणा.