सिगारेट सुटेना, अभ्यासात लक्ष लागेना

मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी आपल्या वीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आला. मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. सोळाशे मीटर धावताना शेवटी शेवटी त्याचा दम तुटे. कारण उघड होते, दिवसाला दहा-बारा सिगारेटी. "साहेब, शपथा घालून झाल्या, मारूनही झालं. आता तुम्हीच काय ते सांगा," बाप म्हणाला.

खरे तर हा मुलगा माझ्याकडे तिसऱ्यांदा आला होता. आधीच्या दोन्ही खेपांना मी त्याला कर्करोगाची भीती घालून, इच्छाशक्तीवर चार शब्द सुनावून परत पाठवले होते. दोन्ही वेळा त्याने सिगारेट सोडली आणि आठवड्याच्या आत पुन्हा धरली. या खेपेस मी उपदेश बाजूला ठेवून एवढेच विचारले, "सोडल्यावर तुला नेमके काय होते?" तो म्हणाला, "अभ्यासिकेत बसतो, पुस्तक उघडतो, पण एक अक्षर डोक्यात शिरत नाही. बाहेर जाऊन एक ओढली की मग लक्ष लागतं."

वाचकहो, हा बहाणा नव्हता. तंबाखूतील निकोटिन धुरावाटे काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते. तेथे डोपामिन नावाचे रसायन वाढते, माणसाला तरतरी येते, लक्ष लागल्यासारखे वाटते. परंतु हा परिणाम थोडा वेळच टिकतो. सुमारे दोन तासांत रक्तातील निकोटिन निम्म्यावर येते आणि सवय झालेला मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. चिडचिड होते, मन सैरभैर होते. पुढची सिगारेट ही बेचैनी शांत करते आणि ओढणाऱ्याला वाटते, सिगारेटने एकाग्रता वाढली! बहुतेकांच्या बाबतीत सिगारेट स्वतः केलेला खड्डाच बुजवीत असते.

बहुतेकांच्या बाबतीत असे मी मुद्दाम म्हटले. काही मुलांचे लक्ष सिगारेट हातात येण्याच्या कितीतरी आधीपासूनच लागत नसते. मी बापाला मुलाच्या लहानपणाविषयी विचारले. "शाळेत असताना आठवड्याला एक पेन हरवायचा. दुकानातून चार वस्तू आणायला धाडला तर दोनच आणायचा. गुरुजी म्हणायचे, पोरगं हुशार आहे, पण चित्त थाऱ्यावर नाही." ही अवधानाच्या विकाराची लक्षणे असू शकतात. डॉक्टर याला एडीएचडी म्हणतात. जगभरात शंभरातील साधारण पाच मुलांत हा विकार आढळतो आणि अनेकांत तो मोठेपणीही टिकतो. अशी मुले इतरांपेक्षा लवकर तंबाखूकडे वळतात, लवकर तिच्या आहारी जातात आणि त्यांना ती सोडणेही अधिक जड जाते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. निकोटिनने त्यांना घटकाभर खरोखरच बरे वाटते. सोडल्यावर मात्र मूळची चंचलता आणि व्यसन सोडल्याची बेचैनी, असे दुहेरी ओझे पडते.

आपल्या जिल्ह्यात हे ओळखणे अवघड जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुलांची शाळा दिवाळीच्या सुमारास सुटते ती थेट उन्हाळ्यापर्यंत. मुलाचे लक्ष नाही की शाळाच नाही, हे कोण पाहणार? म्हणूनच एक सावधगिरीही हवी. शाळा बुडाल्याने मागे पडलेल्या मुलावर आजाराचा शिक्का मारू नये. अपुरी झोप, रक्त कमी असणे, उदासीनता, अधू नजर, रात्री उशिरापर्यंत मोबाईल, यांनीही लक्ष उडते. विकाराची खूण अशी की लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असतात, सहा महिन्यांहून अधिक टिकतात आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसतात. निदान मानसोपचारतज्ज्ञांनीच करावे.

आणखी एक गोष्ट. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शंभर प्रौढांपैकी सुमारे सत्तावीस जण तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे चारच्या आसपास, बाकी बहुतेक चघळणारे. तेव्हा सिगारेट सोडून पुडी मळणे म्हणजे सोडणे नव्हे. निकोटिन तेच. घरात आजीची मिश्री आणि वडिलांची पुडी असेल तर पोराला दोष देण्यापूर्वी आपण आपल्या खिशात पाहावे.

सोडायचे कसे? तारीख ठरवा आणि घरच्यांना सांगा. परीक्षा किंवा भरतीच्या ऐन आठवड्यात सुरुवात करू नका. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. बेचैनी साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. त्या काळात अभ्यास तासाच्या बैठकीऐवजी वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाडून करावा, मध्ये उठून चालावे. तलफ आली की घड्याळ पाहा. ती काही मिनिटांत उतरते. तोवर पाणी प्यावे, बडीशेप चघळावी. निकोटिनचा च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्यावा. तो पानासारखा भराभर चावायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा असतो आणि त्याआधी पाव तास चहा घ्यायचा नसतो. ई-सिगारेटच्या नादी लागू नये. २०१९ पासून आपल्या देशात तिच्यावर बंदी आहे.

मोफत सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे. मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथेही चौकशी करता येईल.

त्या मुलाला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. निदान पक्के झाले आणि दोन्ही उपचार एकाच वेळी सुरू झाले. मध्ये एकदा, एका लग्नात, त्याने सिगारेट ओढली. पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन सांगितले. पूर्वी तो तोंड चुकवीत असे. आता चार महिने झाले. शेवटच्या फेरीत दम टिकतो, असे तो म्हणतो. भरतीत काय होईल ते मी सांगू शकत नाही. मात्र बापाने मारणे थांबवले आहे आणि मीही असा रुग्ण आला की उपदेशाआधी प्रश्न विचारतो.

पालकहो, आपला मुलगा पुन्हा पुन्हा सोडतो आणि पुन्हा धरतो, तेव्हा त्याला नालायक ठरवण्यापूर्वी एकदा विचारा, "सोडल्यावर तुला काय होतं रे?" आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका.