पेरूतील न मोजलेली माणसे

सरकार व बंडखोर यांच्या युद्धात मृतांचा आकडा हेदेखील एक शस्त्रच असते. लष्कराच्या पत्रकात मारला गेलेला ‘दहशतवादी’ ठरतो, बंडखोरांच्या पत्रकात ‘हुतात्मा’ किंवा ‘खबऱ्या’. ज्याचा दोघांशीही संबंध नव्हता तो शेतकरी मात्र कोणाच्याच हिशेबात येत नाही. पेरू देशाने हा अनुभव वीस वर्षे घेतला.

तेथे ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेने मे १९८० मध्ये आयाकुचो प्रांतातील चुस्ची या खेड्यात मतपेट्या जाळून बंड आरंभिले. पुढे २००१ साली नेमलेल्या सत्यशोधन व समेट आयोगाने सुमारे १७ हजार साक्षी नोंदविल्या. त्यांतून २३,९६९ मृत वा बेपत्ता व्यक्तींची नोंद हाती आली. आयोग तेथे थांबला नाही, ही त्याची थोरवी. अन्य संस्थांनी पूर्वी केलेल्या याद्या त्याने आपल्या यादीशी ताडून पाहिल्या. स्वतंत्रपणे केलेल्या दोन याद्यांत तीच नावे वारंवार आढळली, तर सुटलेली माणसे थोडी. सामायिक नावे विरळ असली, तर दोहोंतून निसटलेली पुष्कळ, असा हा हिशेब. त्यावरून ऑगस्ट २००३ च्या अहवालात बळींची संख्या ६९,२८० अंदाजण्यात आली. स्वातंत्र्यानंतरच्या १८२ वर्षांतील पेरूच्या साऱ्या युद्धांतही एवढी माणसे मेली नव्हती!

मग राजधानी लिमाला हे कळले कसे नाही? उत्तर अहवालातच आहे. बळींपैकी दर चारांत तिघांची मातृभाषा केचुआ किंवा अन्य आदिवासी भाषा होती, आणि बहुतेक सारे खेड्यांतले. अनेकांजवळ ओळखीचा कागद नव्हता; कित्येक गावांची जन्ममृत्यूची दप्तरे बंडखोरांनीच जाळली होती. ज्यांची जिवंतपणी दखल नव्हती, त्यांची उणीव शहराला भासावी तरी कशी?

आयोगाकडे नोंदल्या गेलेल्या बळींपैकी ५४ टक्के शायनिंग पाथने घेतले होते. हा निष्कर्ष डाव्यांना बोचला, तर लष्कराच्या अत्याचारांची जंत्री उजव्यांना. आकड्यावरही वाद झाला. २०१९ साली एका अर्थशास्त्रज्ञाने तीच सामग्री वेगळ्या रीतीने तपासून एकूण अंदाज सुमारे ४८ हजारांवर आणला, परंतु त्यात शासनाचा वाटा मोठा ठरविला. असा वाद स्वागतार्हच मानावा लागेल, कारण तो याद्या समोर ठेवून होतो.

आप्तांना मात्र सरासरी नको असते, अस्थी हव्या असतात. बेपत्ता व्यक्तींच्या शोधासाठी पेरूने स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली, अहवालानंतर तब्बल तेरा वर्षांनी. तोवर कित्येक माता निवर्तल्या होत्या.