परगांवचा सामना

वऱ्हाडांतील माणसाला परगांवीं जाण्याचें निमित्त कधीं कमी पडलें नाहीं. वाशीम जिल्ह्यांतील घराघरांतून मंडळी पोहरादेवीच्या यात्रेला जातात, कारंज्यास नृसिंहसरस्वतींच्या दर्शनाला जातात, आषाढींत पंढरपूर गांठतात. परंतु एका महाविद्यालयाचा संघ दुसऱ्याशीं खेळणार आहे, एवढ्याच कारणासाठीं सगळें घर शनिवारीं बाहेर पडलें आणि रविवारीं रात्रीं परतलें, असें येथें सहसा घडत नाहीं. जगांतील कांहीं गांवीं तें दरवर्षीं घडतें. तेथें तें कां घडतें आणि येथें कां घडत नाहीं, याचा विचार केला म्हणजे खेळाविषयींच नव्हे, तर विद्यालय आणि समाज यांच्या नात्याविषयींहि बरेंच कांहीं उमगतें.

ही प्रथा रुजली अमेरिकेंत. ६ नोव्हेंबर १८६९ या दिवशीं न्यू जर्सी राज्यांतील न्यू ब्रन्सविक गांवीं रट्गर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांचे विद्यार्थी, प्रत्येक बाजूस २५, असे समोरासमोर उभे राहिले. प्रिन्स्टनचे खेळाडू आगगाडीनें आले होते. रट्गर्सनें ६ विरुद्ध ४ असा सामना जिंकला. महाविद्यालयीन फुटबॉलचा तेथील पहिला सामना तो हाच, असें मानतात. पुढें नियम बदलत गेले आणि चेंडू हातांत धरून धांवण्याचा, अंगाला अंग भिडविण्याचा निराळाच अमेरिकन फुटबॉल निर्माण झाला.

हा खेळ फोफावला त्याला एक कारण होतें. १८६२ च्या मॉरिल कायद्यानें महाविद्यालयें काढण्यासाठीं राज्यांना सरकारी जमिनी मिळाल्या, आणि अनेक मोठीं विद्यापीठें लहान गांवांतून वाढलीं. मिशिगन राज्यांतील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गांवाची वस्ती सुमारें सव्वा लाख. तर १९२७ सालीं उघडलेल्या तेथील क्रीडांगणांत एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. सामन्याच्या शनिवारीं जणूं दुसरें गांवच तेथें येऊन उतरतें. हे लोक केवळ खेळ पाहावयास येत नाहींत. वीस वर्षांपूर्वीं तेथें शिकलेला गृहस्थ मुलाबाळांना घेऊन येतो, आपली खोली कोणती होती, ग्रंथालयांत आपण कोठें बसत असूं, तें त्यांना दाखवितो, आणि मैदानाबाहेर मोटारीच्या मागें शिदोरी सोडून शेजाऱ्यापाजाऱ्यांनाहि आग्रह करतो. माजी विद्यार्थ्यांना मुद्दाम बोलाविण्याचा एक सामना बहुतेक महाविद्यालयें दरवर्षीं ठरवितात. सणासाठीं माहेरवाशिणीला मूळ धाडावें, तसाच हा प्रकार. या वैभवाला दुसरी बाजूहि आहे. तेथील कित्येक राज्यांत सर्वांत अधिक वेतन घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा फुटबॉल-शिक्षक असतो. खेळाच्या पायीं विद्या मागें पडते कीं काय, हा वाद तेथें जुनाच आहे.

महाराष्ट्रांत याच्या जवळ जाणारें दृश्य पाहावयाचें तर कोल्हापूर गांठावें. १८८० पासूनचें राजाराम कॉलेज आणि १९६२ सालीं स्थापन झालेलें शिवाजी विद्यापीठ यांमुळें तें विद्येचें गांव खरें. पण तेथील फुटबॉलचा जीव महाविद्यालयांत नाहीं, तालमींत आहे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार हीं तालीम मंडळें मैदानांत आपापले संघ उतरवितात. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा. पेठेंतील मुलांनीं तेथें अंग कमवावें आणि वडीलधाऱ्यांनीं त्यांच्यावर नजर ठेवावी. त्याच तालमींनीं या परदेशी खेळाला आसरा दिला. १९४० सालीं स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या देखरेखीखालीं पावसाळा सरल्यावर सामने सुरू होतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठच्या पेठ लोटते आणि आपल्या तालमीच्या नांवानें आरोळ्या देते. ईर्ष्या कधींकधीं मर्यादा सोडते, हेंहि खरें. परंतु २०१७ सालीं भारतांत सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हां देशाच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हें या वातावरणाशीं अगदींच असंबद्ध नाहीं.

दोन्ही ठिकाणीं एकच गोष्ट दिसते. मैदान भरतें तें केवळ खेळ उच्च प्रतीचा असतो म्हणून नव्हे, तर संघ कोणाचा तरी असतो म्हणून. अमेरिकेंत ही आपुलकी महाविद्यालयाशीं जडली, कोल्हापुरांत पेठेशीं. इकडील महाविद्यालय मात्र या बाबतींत पोरकें राहिलें. १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें विद्यापीठें निघालीं तीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारीं व पदव्या देणारीं. १९२३ चें नागपूर विद्यापीठ आणि १९८३ चें अमरावती विद्यापीठ यांनींहि संलग्न महाविद्यालयांची तीच व्यवस्था पुढें चालविली. विद्यार्थी आला, परीक्षा देऊन गेला. पुन्हां त्या दारीं जाण्याचें त्याला प्रयोजन उरलें नाहीं.

वास्तविक वऱ्हाडापाशीं अमरावतीसारखें गांव आहे. तेथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलें, आणि १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळीं या मंडळाच्या पथकानें बर्लिनला जाऊन कबड्डीसारख्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. १९२३ सालीं तेथें सरकारी महाविद्यालय निघालें. १९३२ सालीं पंजाबराव देशमुखांनीं श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या ५ जिल्ह्यांतील महाविद्यालयें अमरावतीच्या विद्यापीठाशीं जोडलेलीं आहेत.

त्यांच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची रीत सोपी आहे. महाविद्यालयांचे संघ परस्परांशीं खेळतात. त्यांतील निवडक खेळाडूंचा विद्यापीठाचा संघ होतो आणि तो इतर विद्यापीठांशीं खेळावयास जातो. बाद पद्धतीच्या सामन्यांत एकदां हरलें कीं घरची वाट.

समजा, मानोऱ्याची किंवा रिसोडची एखादी मुलगी कबड्डीच्या संघांतून प्रथमच परगांवीं निघाली आहे. पहांटेची एस. टी., सोबत भाकरीचें गांठोडें, आणि दुपारीं एकच सामना. तिनें तीन गडी बाद केले, तरी तें पाहावयास तिच्या घरचें कोणी नसतें. संध्याकाळीं ती परत येते तेव्हां घरीं एवढेंच कळतें कीं संघ हरला आणि अभ्यासाचा एक दिवस बुडाला. पुढच्या वर्षीं तिनें खेळावें कीं नाहीं हें ठरविणारीं माणसें तींच असतात, ज्यांनीं तिला खेळतांना कधीं पाहिलेलेंच नाहीं. प्रेक्षक नसण्याची खरी हानि ती हीच. ओसाड मैदानांपेक्षां ती मोठी आहे.

ही हानि टाळण्यास लाखांचें क्रीडांगण लागत नाहीं. कबड्डीला प्रत्येक बाजूस ७ गडी आणि खो-खोला ९ पुरतात. मैदान एवढें आटोपशीर कीं कडेला बसलेल्यास खेळाडूचा श्वासहि ऐकूं यावा. चढाईला ३० सेकंद मिळतात, एवढें कळलें तरी नवख्या प्रेक्षकाला पुढचें आपोआप उमजूं लागतें. सामन्यासाठीं अमरावतीस जाणाऱ्या कुटुंबानें एक मुक्काम अधिक करावा. व्यायाम मंडळ पाहावें, महाविद्यालयाचें ग्रंथालय धाकट्या भावंडांना दाखवावें, आणि प्रतिपक्षाच्या खेळाडूंचीहि पाठ थोपटावी. आणि परगांवीं जाणें न जमलें, तर बाहेरचा संघ आपल्या गांवीं येईल त्या दिवशीं घरांतील दोघांनीं तरी तासभर मैदानावर जाऊन बसावें. त्या मुलांना पाणी विचारणारें कोणी असावें, आणि त्यांनीं घरीं जाऊन सांगावें कीं वाशीमला लोक सामना पाहावयास आले होते.