शिष्यवृत्ती की शुल्कमाफी? पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी

अर्ज कुठे : राज्याच्या योजनांसाठी ‘महाडीबीटी’ पोर्टल. दरवर्षी नूतनीकरण आवश्यक.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 2.5 लाख रुपये. फी आणि निर्वाह भत्ता, दोन्ही मिळतात. उत्पन्न याहून जास्त असल्यास ‘फ्रीशिप’: फी मिळते, भत्ता नाही. अनेकांची गल्लत होते ती इथेच.

राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती : आर्थिकदृष्ट्या मागास खुल्या प्रवर्गासाठी. मर्यादा 8 लाख. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काच्या 50 टक्के. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही.

मुलींना पूर्ण सवलत : 2024-25 पासून. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क 100 टक्के माफ. उत्पन्नाची मर्यादा 8 लाखच.

स्वाधार : शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. मुंबई, पुणे, नागपुरात वर्षाला 60,000 रुपये.

केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती : बारावीत आपल्या मंडळात 80 पर्सेंटाइलच्या वर. हे 80 टक्के गुण नव्हेत! मर्यादा 4.5 लाख. पदवीची पहिली तीन वर्षे वार्षिक 12,000 रुपये.

कागदपत्रे : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, गुणपत्रिका, फीची पावती. बँक खाते आधारशी जोडलेले हवे. पैसे थेट त्याच खात्यात जमा होतात.